हसण्यात दडलेला प्रश्न

२०२५ च्या जूनमध्ये मी न्यू जर्सीला ताईकडे होते. भाचीचं बाळंतपण होतं. त्यामुळे आम्ही दोघी बहिणी दिवसभर अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि बाळाची झबली-दुपटी यांतच बुडालेल्या. अशात एका रात्री भाचा घरातून गायब! वय वर्षं सत्तावीस, चांगल्या नोकरीत, एरवी दहाला जांभया देणारा मुलगा. बारा वाजून गेले तरी पत्ता नाही. ताईचा जीव खालीवर. एकच्या सुमारास स्वारी हसतहसत आली. हातात खोका. निन्टेंडो या जपानी कंपनीचं ‘स्विच टू’ नावाचं नवं खेळाचं यंत्र त्या मध्यरात्री विक्रीला आलं होतं, आणि हा पठ्ठ्या त्यासाठी दुकानासमोर रांगेत उभा होता.

‘‘दूध संपलंय म्हटलं तर कोपऱ्यावरच्या दुकानात जायला याला कंटाळा!’’ ताईने ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी नवं यंत्र टीव्हीला जोडायचं म्हणून त्याने तळघरातून जुन्या वायरींचं खोकं वर आणलं. त्यात एक वस्तू निघाली. आपल्या लहानपणीच्या पाटीएवढी, मध्ये काचेचा पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. मला वाटलं, मुलांचा जुना टॅब असेल.

‘‘मावशी, हा टॅब नाही. हा कंट्रोलर आहे. याच्यावरून मी शाळेत तीन मित्रांशी भांडलोय. एकाशी तर महिनाभर बोलत नव्हतो.’’

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, आपल्या पानावर हे काय व्हिडिओ गेमचं पुराण! मीही तशीच म्हणाले असते. माझं शिक्षण मराठी साहित्यातलं, आणि खेळ म्हटला की माझी धाव सागरगोट्यांपासून पत्त्यांपर्यंत. पण भाच्याने त्या पाटीची गोष्ट सांगितली, मी मग खोदून खोदून विचारलं, थोडं वाचलं, आणि लक्षात आलं की ही गोष्ट नुसत्या खेळण्याची नाही. लोक एखाद्या नव्या गोष्टीला हसतात तेव्हा त्या हसण्याचं काय करायचं, याची आहे. आणि तो प्रश्न माझ्याही पदरात एकदा पडला होता.

आधी कंपनीबद्दल दोन शब्द. निन्टेंडो ही क्योतो शहरातली कंपनी. सुरुवात १८८९ सालची, आणि तेव्हा ती विकायची काय, तर पत्ते! फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते. पुढे खेळणी, मग व्हिडिओ गेम. मारिओ नावाचा मिशीवाला, लाल टोपीचा गडी तुम्ही मुलांच्या नादाने पाहिला असेल. तो यांचाच. २००६ मध्ये त्यांनी ‘वी’ नावाचं यंत्र काढलं. त्याची गंमत अशी की, बोटांनी पंधरा बटणं दाबत बसायची गरज नाही. हातात रिमोटसारखी कांडी धरायची आणि टेनिस खेळतो तसा हात फिरवायचा. पडद्यावरचा खेळाडूही तसाच रॅकेट फिरवतो. आजीला जमेल, नातवाला जमेल. अमेरिकेत ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रांमध्ये म्हातारी माणसं या यंत्रावर बोलिंगचे सामने खेळायला लागली. दहा कोटींहून जास्त यंत्रं खपली. ताईच्या घरीही एक आलं होतं. ताई, जिजाजी, भाची, भाचा, आणि भारतातून आले की आमचे बाबा, सगळे त्यावर हात झाडायचे. बाबांनी एकदा हात असा फिरवला की शेजारचा फ्लॉवरपॉट गेला, ही आठवण अजून निघते.

आता या यशावर पुढचं पाऊल काय टाकायचं? तो दिवस होता ७ जून २०११. लॉस एंजेलिसला दरवर्षी ‘ई-थ्री’ नावाचं गेम्सचं मोठं प्रदर्शन भरायचं. आता ते कायमचं बंद झालंय, पण तेव्हा त्याचा फार बोलबाला होता. तिथे कंपनीने नवं यंत्र जाहीर केलं. नाव ‘वी यू’. आणि मंचावर जे हातात धरून दाखवलं ती ही पाटी, ६.२ इंचांचा स्पर्शाने चालणारा पडदा असलेला कंट्रोलर.

कल्पना खरोखर छान होती. जाहिरातीच्या चित्रफितीत एक मुलगा टीव्हीवर खेळत असतो. तेवढ्यात घरातल्या कुणाला तरी बेसबॉलचा सामना बघायचा असतो. आपल्याकडे या प्रसंगी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको! पण त्या मुलाने काय करावं? खेळ टीव्हीवरून हातातल्या पडद्यावर घेतला आणि पुढे चालू! टीव्ही मोकळा. रिमोटवरून होणारी भांडणं मिटवणारा शोध म्हणा ना.

दुसरी गंमत मला आणखी आवडली. पाचजणांचा पकडापकडीचा खेळ. चौघे टीव्हीकडे बघत पाठलाग करणार. पाचवा पळणारा, त्याच्या हातात पाटी, आणि त्यावर सगळा नकाशा. त्याचं त्याला दिसतं, बाकीच्यांना नाही. विचार करा, पत्ते खेळताना आपण हेच तर करतो. आपली पानं आपल्याला दिसतात, समोरच्याला नाही. टीव्हीवरच्या खेळात आजवर ते जमत नव्हतं, कारण टीव्ही एकच आणि सगळ्यांसमोर उघडा. पत्ते विकून सुरू झालेल्या कंपनीने सव्वाशे वर्षांनी पुन्हा ज्याची त्याची पानं ज्याच्या त्याच्या हातात दिली, असं मला वाटलं. म्हणजे बघा, मूर्खपणाची वस्तू नव्हती ती.

मग गेमर मंडळींनी काय म्हणावं? भाचा तेव्हा तेरा वर्षांचा. तो म्हणतो, ‘‘आमच्या वर्गात दोन पार्ट्या पडल्या. मी खूश होतो. मला वाटलं, आता मारिओ एचडीमध्ये दिसणार! त्यांची आधीची यंत्रं चित्राच्या बाबतीत मागे होती ना. पण बाकीचे नुसते हसत होते.’’

हसण्याचे प्रकार निरनिराळे होते. पहिला प्रकार, ही आयपॅडची नक्कल आहे. आयपॅड आदल्याच वर्षी, २०१० मध्ये आला होता, त्यामुळे पडदा असलेली पाटी दिसली की तोच आठवायचा. दुसरा, नावाची टिंगल. ‘वी’ म्हणजे इंग्रजीत आपण सगळे, आणि पुढे ‘यू’ म्हणजे तुम्ही. समजावून सांगितलं की अर्थ कळतो, पण नाव समजावून सांगावं लागलं की त्यातच हरलो! तिसरा प्रकार मला झोंबला. हे खेळणं खऱ्या खेळाडूंचं नाही, आई-आजीचं आहे, असं म्हणून नाकं मुरडणारे. ‘वी’ आल्यापासून हा सूर होताच. ज्या खेळात आई आनंदाने भाग घेते तो खेळ आपोआप हलका, असं या पोरांना का वाटावं? आई स्वयंपाक करते तो रोजचा, आणि हॉटेलात शेफ करतो ती कला, त्यातलीच ही जात.

पण मंडळी, या हसण्याच्या आत काही जण वेगळं बोलत होते. ते हसत नव्हते, विचारत होते. हे नवं यंत्र आहे की जुन्याच यंत्राला जोडायची पाटी? घरात चार मुलं असली तर चार पाट्या चालतील का? की एकालाच पाटी आणि तिघांना जुनी कांडी? बॅटरी किती वेळ टिकणार? आयपॅडवर दोन बोटांनी चित्र मोठं करता येतं, यावर एकच बोट का चालतं? नजर एकदा खाली पाटीवर आणि एकदा वर टीव्हीवर, अशी करत खेळायचं कसं? (यावर माझं मत असं की, गॅसवर दूध आणि समोर मालिका हे साधणाऱ्या बाईला ते नक्की जमलं असतं. पण ते असो.) आणि मुख्य म्हणजे, दुसऱ्या कंपन्या यासाठी खेळ बनवणार का?

पहिल्या प्रश्नाचंच बघा. त्या दिवशी कंपनीने सगळा वेळ पाटीवर घालवला. प्रत्यक्ष यंत्र, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा डबा, जवळजवळ दाखवलाच नाही. डबा दिसायलाही जुन्यासारखाच, नावही जुन्यासारखं, आणि जुनी कांडीही यावर चालणार. मग नवं काय आलं? पाटी! जगभरच्या भल्या भल्या जाणकारांचा यात घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी जपानच्या बाजारात कंपनीचा शेअर घसरला. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी नंतर लगेचच कबूल केलं की, आधी डब्याचं एखादं चित्र दाखवून मग कंट्रोलरकडे वळायला हवं होतं.

म्हणजे घोटाळा झालाय हे जूनमध्येच कळलं होतं. वस्तू बाजारात यायला अजून दीड वर्ष होतं. अमेरिकेत ती आली १८ नोव्हेंबर २०१२ ला. मग मधल्या काळात नाव का बदललं नाही? या प्रश्नाशी मी अडखळले. एवढी हुशार माणसं, ऐकू येत नव्हतं का त्यांना?

इथे भाच्याने मला एक गोष्ट सांगितली आणि कोडं सुटल्यासारखं झालं. ‘‘मावशी, लोक त्यांना आधी दोनदा हसले होते आणि दोन्ही वेळा लोकच चुकले होते.’’ २००४ मध्ये त्यांनी हातात धरायचं एक छोटं यंत्र काढलं, ‘डीएस’. त्याला दोन पडदे, एक स्पर्शाचा. लोक म्हणाले, दोन पडदे कशाला? ते पंधरा कोटींहून जास्त खपलं. २००६ मध्ये ‘वी’ हे नाव जाहीर झालं तेव्हा तर इंग्रजी बोलणारी पोरं हसून लोळली, कारण त्या उच्चाराचा त्यांच्याकडे शू करण्याशी संबंध. तेही दहा कोटींवर गेलं. आता तिसऱ्यांदा लोक हसले तर कंपनी काय म्हणणार? हसू देत, यांना कळत नाही, मागाहून येतीलच रांगेत!

तिथेच चूक झाली असं मला वाटतं. पहिल्या दोन वेळी लोक हसले ते वस्तू काय आहे हे कळून. दोन पडदे आहेत हे दिसत होतं, नाव गमतीशीर आहे हे ऐकू येत होतं. तिसऱ्या वेळी मुळात वस्तूच कळली नव्हती. टिंगल आणि प्रश्न दोन्ही एकाच आवाजात आले, आणि टिंगल म्हणून दोन्ही झटकले गेले.

मला हे इतकं ठामपणे म्हणता येतं, कारण मी स्वतः हेच करून बसलेय.

२०२१ ची गोष्ट. शाळा बंद होत्या. आमचं महिला मंडळ पुण्यातल्या एका वस्तीत अभ्यासिका चालवतं. एका देणगीदाराकडून आम्हाला दहा टॅब मिळाले. आम्ही हरखून गेलो. कुणाला द्यायचे याची यादी केली आणि समाजमंदिराच्या फळ्यावर मीच माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘रविवारी सकाळी १० वाजता मोफत टॅबलेट वाटप. मातांनी यावे.’

रविवारी दहा वाजता आल्या तीन बाया. त्यातल्या एकीने तोंडावरचा पदर न काढता विचारलं, ‘‘ताई, उपाशीपोटी घ्यायची का जेवल्यावर?’’

शाळेत-अंगणवाडीत जंताच्या गोळ्या देतात, गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या देतात. टॅबलेट म्हणजे गोळीच की! त्यात साथीचे दिवस. कसली तरी नवी गोळी फुकट वाटताहेत म्हटल्यावर बायका घाबरून घरातच बसल्या. आम्ही त्या दिवशी घरी येऊन पोट धरून हसलो. फोनवर एकमेकींना सांगून सांगून हसलो. मग घरोघर निरोप पाठवला की गोळी नाही, अभ्यासाचा मोठा फोन आहे. तरी बायका येईनात. तेव्हा मात्र आम्ही रुसलो. ‘फुकट देतोय तरी नको, यांना मुलांच्या शिक्षणाची किंमतच नाही’ हे वाक्य आमच्या बैठकीत बोललं गेलं. कुणी बोललं ते विचारू नका. मीही मान हलवली होती.

पंधरा दिवस दहाही टॅब माझ्या कपाटात साड्यांखाली पडून होते.

शेवटी एक दिवस चौथीतल्या एका मुलाची आई, जी चार घरची धुणीभांडी करते, रस्त्यात भेटली. मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं, का नको तुम्हाला? ती म्हणाली, ‘‘नको कोण म्हणतंय? पण ते फुटलं तर भरून कोण देणार? रिचार्ज कोण मारणार? आणि नवऱ्याने नेऊन विकलं तर तुम्ही माझ्याच नावाने बोंबलणार ना?’’

तीन प्रश्न, आणि तिन्ही रास्त. फुटला तर भरपाई नाही, रिचार्जचा खर्च मंडळाचा, आणि रात्री टॅब अभ्यासिकेच्या कपाटात ठेवायची सोय, एवढं आम्ही ठरवलं आणि आठवडाभरात दहाच्या दहा टॅब गेले. उलट अकराव्या-बाराव्यासाठी भांडणं झाली! पण यादीतली आठवीतली एक मुलगी त्या पंधरा दिवसांत आईबरोबर कामाला जायला लागली होती. शाळा उघडल्या तेव्हा ती आली नाही. टॅब वेळेवर मिळाला असता तर ती शाळेत राहिली असती, असं मी म्हणत नाही. तिच्या घरच्या अडचणी टॅबने सुटणाऱ्या नव्हत्या. पण ते पंधरा दिवस आमच्या हातात होते, आणि ते आम्ही रुसण्यात घालवले. हे मला अजून लागतं.

तर सांगायचं म्हणजे, भाचा जेव्हा त्या पाटीची गोष्ट सांगत होता तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माझाच फळा होता.

पुढे ‘वी यू’चं काय झालं ते थोडक्यात सांगते. किंमत ३०० आणि ३५० डॉलर. विचारले गेलेले प्रश्न एकेक करून खरे ठरले. बॅटरी कंपनीच्याच हिशेबाने तीन ते पाच तास. दोन पाट्या चालतील असं २०१२ मध्ये सांगितलं गेलं, पण दोन पाट्यांवर खेळायचा खेळ काही आला नाही. दुसऱ्या कंपन्या सुरुवातीला मंचावर आल्या, मग हळूहळू पांगल्या. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या प्रतिस्पर्ध्यांची नवी, जास्त ताकदीची यंत्रं आली. त्या आर्थिक वर्षात ९० लाख ‘वी यू’ विकू असं कंपनी म्हणाली होती. ते उद्दिष्ट खाली आणून २८ लाखांवर न्यावं लागलं. आणि विक्री सुरू झाल्यावरही खुद्द इवातांना सांगावं लागलं की, पुष्कळ गिऱ्हाइकांना अजून हे जुन्या यंत्राचंच पुढचं जोडकाम वाटतंय.

इथे त्या माणसाबद्दल एक चांगली गोष्ट सांगायलाच हवी. २०१४ च्या जानेवारीत इवातांनी स्वतःचा पगार काही महिन्यांसाठी निम्मा केला. नोकरांना कमी करून ताळेबंद सावरायचा मार्ग त्यांना मान्य नव्हता. भीतीखाली काम करणाऱ्या माणसाच्या हातून चांगला खेळ घडत नाही, असं त्यांचं म्हणणं. चूक झाली तर आधी आपल्या ताटातलं कमी करायचं, हे आपल्या आयाही करायच्या. इवाता २०१५ च्या जुलैमध्ये वयाच्या ५५ व्या वर्षी आजाराने गेले. ‘वी यू’चं उत्पादन २०१७ च्या जानेवारीत थांबलं. एकूण खप एक कोटी पस्तीस लाखांच्या आसपास. आधीच्या यंत्राच्या जेमतेम आठवा हिस्सा.

मग हसणारेच बरोबर होते? तसंही नाही हो! २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने तीनेक मिनिटांची चित्रफीत दाखवली. माणूस टीव्हीवर खेळतोय, उठतो, यंत्र खाचेतून उचलतो आणि पडद्यासकट बाहेर घेऊन जातो. कुणी बागेत, कुणी विमानात, कुणी गच्चीवर. बस्स. भाषणाची गरज नाही. हे ‘स्विच’, मार्च २०१७ मध्ये आलं. नीट बघितलं तर कल्पना तीच, टीव्ही सोडा आणि खेळ हातात घ्या. पडदा स्पर्शाचाच. फरक एवढाच की, पाटी आता डब्याच्या मेहेरबानीवर नव्हती. पाटीच यंत्र होती, आणि बघताक्षणी ते कळत होतं. आजवर पंधरा कोटींहून जास्त खपली. ‘मारिओ कार्ट आठ’ नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ ‘वी यू’वर २०१४ मध्ये आला तेव्हा ८० लाखांच्या थोडा पुढे गेला. तोच थोडी भर घालून ‘स्विच’वर आला आणि सहा कोटींच्या पुढे गेला. खेळ तोच, पोळी तीच, फक्त ताट नीट वाढलं.

आणि २०२५ मध्ये पुढचं यंत्र आलं त्याचं नाव काय ठेवलं? ‘स्विच टू’. दुसरं. कुणाला विचारायला नको, हे नवं की जुनं. चार दिवसांत ३५ लाख विकली गेली. आमच्या पठ्ठ्याचं एक त्यातलंच.

हे सगळं मी ताईच्या स्वयंपाकघरात बसून वहीत टिपून घेत होते. ताई कणीक मळत होती. म्हणाली, ‘‘काय लिहितेस एवढं?’’ मी म्हटलं, २०११ साली पोरं या पाटीला का हसली ते लिहितेय. तुला काय वाटलं होतं गं तेव्हा?

‘‘मला? मला वाटलं, आपल्या डब्याचा नवा रिमोट आलाय. हा मागे लागला होता, आई घे, आई घे. मी म्हटलं, आहे तो चालतोय ना, नवा रिमोट कशाला? नाही घेतला. मग याने दोन वर्षांनी कुणा मित्राकडून जुना आणला तेव्हा कळलं की डबाच वेगळा होता.’’

मी पेन खाली ठेवलं. इतक्या गेमर्सच्या प्रतिक्रिया मी गोळा केल्या. कोण हसलं, कोण चिडलं, कोण बाजूने भांडलं. त्यांचा आवाज मोठा, म्हणून तो सगळ्यांना ऐकू आला. पण ज्या यंत्राने आधी आई-आजीला खेळायला बसवलं होतं, त्याच्या पुढच्या यंत्राचा निकाल असा कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरात, एका वाक्यात लागत होता. ताई हसली नव्हती. तिने टीका केली नव्हती. तिने फक्त घेतलं नाही. आमच्या वस्तीतल्या बायकांनीही टॅबला नावं ठेवली नव्हती. त्या फक्त आल्या नाहीत. हसणाऱ्याकडून निदान काहीतरी कळतं. जो येतच नाही, त्याच्या दारात आपल्याला जावं लागतं.

मी ताईला म्हटलं, ‘‘मग तेव्हाच त्याला विचारायचं ना, नवं काय आहे यात?’’

ती कणकेचा गोळा झाकत म्हणाली, ‘‘अगं, तो उड्या मारत होता, मी घाईत होते. त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.’’

भारतात परतल्यावर पहिल्याच बैठकीत आमच्या मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाचा फळा लिहायचा होता. मी लिहिला. मग तसाच न टांगता आधी त्या चार घरची कामं करणाऱ्या बाईला दाखवला आणि विचारलं, ‘‘यात काय लिहिलंय ते तुमच्या शब्दांत सांगा बरं.’’ तिने सांगितलं. दोन शब्द बदलावे लागले.